मॅडम आज नाहीत

हे मी कधी कुणाला बोलले नाही. आईला नाही, दादाला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना तर नाहीच. आणि वहिनीला — वहिनीला मी काय सांगणार? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की कारण दुसरंच आहे? माझं मलाच कळत नाहीये. ऐका आता.

आधी नोकरीचं सांगते, ते सोपं आहे. महिला आणि बालविकास मंत्र्यांच्या कार्यालयात माझी हयात गेली. मंत्री बदलायचे, नावाची पाटी बदलायची, पडद्यांचा रंग बदलायचा, मी तिथेच. नवीन कुणी आलं की विचारायचं, "जुनं कोण आहे इथे?" आणि सगळी बोटं माझ्याकडे.

त्यामुळे त्या पदाचा इतिहास मला तोंडपाठ. पूर्वी बायकांचे प्रश्न समाजकल्याणाच्या एका कोपऱ्यात पडलेले असायचे. मग वेगळं खातं झालं, त्याला मंत्री मिळाला. मंत्रिमंडळात एखादीच बाई घेतली की तिला हेच खातं, जणू ठरलेलंच. खातेवाटपाच्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत हो! बाहेर पेढे वाटायचे, आणि दार लागलं की विचारायचं — "एवढंच?" एकदा तर पुरुष मंत्री आले. सत्काराला आयोजकांनी आधीच पैठणी घेऊन ठेवलेली. ती साहेबांना द्यायची की साहेबांच्या मिसेसना, यावर स्टेजमागे ही भांडणं! शेवटी शाल कुठून तरी मागून आणली.

हे सगळं मी प्राजक्ताला सांगत होते, मागच्या रविवारी. प्राजक्ता म्हणजे दादाची मुलगी. ती या पदाच्या इतिहासावर पुस्तक लिहितेय. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर बसली होती. दिंडोशीला, वहिनीच्या घरी. दादा गेला, माझे गुडघे गेले, तेव्हापासून मी तिथेच असते. वहिनी माझं सगळं करते. तेल लावते, गोळ्या हातात देते. का करते? हा प्रश्न मी कितीदा घशाशी आणला आणि गिळला.

बघा, पुन्हा भलतीकडे चालले मी.

माझा एक नियम होता. घरचं काम ऑफिसात आणायचं नाही. वशिला नाही म्हणजे नाही. मावसबहिणीला अंगणवाडीत लावून घे म्हणून मावशीने हात जोडले, तरी मी ढिम्म. मावशीने बोलणं टाकलं. मला त्याचा केवढा ताठा! आमच्यासारख्या घरांतून सरकारी नोकरीत गेलेल्यांना असतो तसा — आपण खाल्लं नाही, कुणाला खाऊ दिलं नाही.

आता ज्या मॅडमच्या वेळचं सांगतेय, त्या कामाच्या होत्या. "एवढंच?" न विचारणाऱ्या. दर शनिवारी मरोळच्या संपर्क कार्यालयात जनता दरबार भरवायच्या. बायका लाइन लावायच्या, मी नावं घेऊन एकेकीला आत सोडायची. कुणाला नवऱ्याने मारलंय, कुणाला सासरच्यांनी बाहेर काढलंय. मीच पोलीस स्टेशनला फोन लावायची. "मंत्री कार्यालयातून बोलतेय" म्हटलं की पलीकडचा माणूस खुर्चीतून उठलाच समजा. किती जणींची कामं केली मी! खरंच केली. हे खोटं नाही.

आणि एका शनिवारी त्या लाइनीत वहिनी उभी होती.

विक्रोळीहून आली होती, तेव्हा त्यांचं घर तिथे होतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, ओठ सुजलेला. मला विचारायची गरज होती का? दादाचा हात मला माहीत नव्हता? आमच्या घरात त्याला 'दादाचा राग' म्हणायचे. "दादाचा राग वाईट, पण मनाने सोनं आहे हो." आई म्हणायची, मीही म्हणायची. ऑफिसात ज्याला मी कौटुंबिक हिंसाचार म्हणायची, त्याला घरी राग म्हणायची. एकाच तोंडाने. हे कसं जमायचं मला?

वहिनीच्या हातात डबा होता. वन्संना डबा देऊन येते, असं दादाला सांगून बाहेर पडली होती ती. टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, मी लाइनीतच थांबते. तुमचं नाव नाही घेणार आत."

म्हणजे वशिला नकोच होता तिला. इतर बायकांसारखी तिची पाळी तिला हवी होती. बस्स. माझ्या त्या नियमात ती कुठे बसत होती? कुठेच नाही. तरी मी म्हणाले —

"मॅडम आज नाहीत."

आतून मॅडमचं हसणं ऐकू येत होतं. दार अर्धवट उघडंच होतं. वहिनीने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. डबा टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाली आणि गेली. तिच्या मागची बाई पुढे आली, आणि तिला मी आत सोडलं.

का केलं मी असं? त्या आठवड्यात मंत्रिमंडळात फेरबदल होणार अशी बोलवा होती, बाहेर एक पेपरवाला बसला होता — मंत्र्यांच्या ऑफिसातल्या बाईच्याच घरात मारहाण, असं छापून आलं असतं, म्हणून? दादाची अब्रू म्हणून? की लाइनीतल्या बायकांसमोर ती माझी वहिनी आहे याची मला लाज वाटली? इतकी वर्षं चाचपडतेय. एक कारण हाताला लागतं, तेवढ्यात दुसरं खरं वाटायला लागतं.

डब्यात घावणे होते, काळ्या वाटाण्यांचं सांबार होतं. दुपारी मी ते खाल्लं.

इथपर्यंत कदाचित तुम्ही मला माफही कराल. म्हणाल, घाबरली बिचारी. थांबा. अजून आहे. मी उगाच इतका वेळ पैठणी आणि पेढे सांगत नव्हते.

डबा खाल्ल्यावर मी दादाला फोन केला.

"वहिनी इथे तक्रार घेऊन आली होती. सांभाळ."

एवढंच बोलले आणि ठेवला. सांभाळ म्हणजे काय? हात आवर, असं म्हणायचं होतं मला? की बायकोला आवर? देवाशप्पथ सांगते, मला नाही माहीत. दादाला मात्र बरोबर कळलं. वहिनी कुठे थांबली होती कोण जाणे, दिवेलागणीला घरी पोचली तेव्हा तो वाटच बघत होता.

तिचा डावा कान त्या संध्याकाळी गेला. डॉक्टरांना सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. सांगितलं कुणी? मी. मी सोबत गेले होते ना! वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

फोन मी केला हे तिला माहीत आहे का? दादाने सांगितलं असेल? की ती इतकी वर्षं समजतेय, कुणी शेजारणीने चुगली केली? तिने एका शब्दाने कधी विचारलं नाही. त्यानंतर ती कुणाकडेच गेली नाही. दादा जाईपर्यंत त्याच घरात राहिली.

तर मागचा रविवार. रेकॉर्डिंग चालू होतं. प्राजक्ताने सहज विचारलं, "आत्या, दरबारातून कधी कुणी बाई तशीच परत गेली का गं? पुस्तकात तेही यायला हवं."

तिला काहीच माहीत नाही. आईचा कान जन्मापासूनच अधू आहे, असं समजते ती.

वहिनी माझ्या शेजारी वाटी घेऊन बसली होती, माझ्या गुडघ्यांना तेल लावत. मी म्हणाले, "नाही गं. एकही नाही. माझ्या टेबलावरून एकही बाई परत गेली नाही."

प्राजक्ताने वहिनीकडे बघितलं. "काय गं आई, खरं ना? आत्याचं ऑफिस तू पाहिलंयस ना?"

वहिनीचा हात माझ्या गुडघ्यावर थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

"लिही गो बाय," ती म्हणाली. "वन्सं सांगतत तसां लिही."

प्राजक्ताने लिहून घेतलं. वहिनी माझ्या डाव्या हाताला बसली होती. तिचा चांगला कान माझ्याकडे होता.