साडेपाच

शिरपुरात पारस नावाची माणसं ढिगानं आहेत. गावचा देवच पारसनाथ, तेव्हा दर दुसऱ्या घरात एक पारस असायचाच. नुसतं नाव सांगून इथं कुणी सापडत नाही. एक कापडवाला पारस, एक चष्मेवाला पारस, एक पोस्टाजवळचा पारस. मी साडेपाच पारस. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, हे नाव उंचीवरून पडलं असेल. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे.

नाव पडलं ते सहा वर्षांपूर्वी, पर्युषणात, आम्हा जैनांच्या उपासतपाच्या पर्वात. मी अठाई धरली होती. अठाई म्हणजे आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. माझ्या आईच्या, तारामतीबाईंच्या, अशा पाच अठाया झाल्या आहेत आणि त्यातली एकही तिनं कधी कुणाला सांगितली नाही. मी मात्र पहिल्या दिवशीच गावभर केलं. पाहुणे आले, पारण्याच्या मिरवणुकीसाठी बँड ठरला. साता, म्हणजे तपस्व्याची खुशाली, विचारायला येणारी माणसं जाताना माझे पाय दाबून जायची. पाच दिवस मी तपस्वी होतो, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडलं.

सहाव्या दिवशी दुपारी दुकानामागच्या गोदामात उंदीर झालेत का ते पाहायला गेलो. उंदीर निघाला तो मीच. भाजलेल्या शेंगदाण्यांचं पोतं उघडं होतं, शेजारी गुळाची भेली होती. तोंड भरलेलं असताना शेजारच्या वस्तीतली चंदाबाई चणाडाळ मागायला आत आली. मी मान हलवली, तिनं डाळ घेतली, गेली. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळपर्यंत पाय दाबून घेत बसलो. बायका स्तवनं म्हणत होत्या. तेवढ्यात चंदाबाई भक्तिभावानं नारळ घेऊन आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "शेटजी, दुपारी तुमी खाऊन राह्यले होते ते शेंगदाणे कोणत्या पोत्यातले? मले बी अर्धा किलो द्या. लय खमंग वास होता."

पाच दिवस पूर्ण, सहावा अर्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गावाला हा हिशोब पाठ होता. माझी बायको चंदनासुद्धा चिडली की त्याच नावानं हाक मारते. घरात ते नाव एकटी आई घेत नाही. त्या रात्री ती मला एक शब्दही बोलली नाही, फक्त बँडवाल्याला स्वतः फोन करून नाही म्हणाली. ते न बोलणं मला आजही टोचतं.

तसा मी जन्माचा आरंभशूर. बी.कॉम. दुसऱ्या वर्षापर्यंत, तबला तीन तालांपर्यंत, गच्चीवरची बाग एका कढीपत्त्यापर्यंत. गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी जिनल अकोल्याहून कॉलेजच्या सुट्टीत आली आणि जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, एक तरी गोष्ट तुमी पूरी केली का?" मी तावातावानं म्हटलं, "सांग, काय करू?" तिनं मोबाइल पुढं केला. ट्रायथलॉन. जानेवारीत, वाशीमजवळच्या धरणावर, हौशी गट. दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर पळणं. मला वाटलं, तीन वेगवेगळ्या रविवारी असेल. हे सगळं एकाच सकाळी, एकामागून एक करायचं असतं, हे कळेपर्यंत तिनं फॉर्म भरून टाकला होता. वय त्रेचाळीस, वजन चौऱ्याण्णव. पोहता येतं का, असा रकानाच फॉर्मवर नव्हता. माझ्यासारखा कुणी अर्ज करेल, असं त्यांना वाटलं नसावं.

पोहणं मला अमरसिंगनं शिकवलं. अमरसिंग तांड्यावरचा. आधी दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायचा, आता दोन म्हशी पाळून गावातच असतो आणि रोज सकाळी त्यांना पाझर तलावात घालतो. त्यानं माझ्या पाठीला तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पिपा बांधला आणि मला म्हशींच्या मागं ढकललं. पिपा माझ्याच दुकानातला, दोरीही माझीच, बुडणाराही मीच.

"म्हशीले कोणी शिकवते का, शेटजी?" तो काठावरून म्हणायचा. "ते भेत नाही म्हणून तरंगते. तुमी भेऊन राह्यले."

दोन महिन्यांनी पिपा सुटला. म्हशी माझ्यापुढं जायच्या, पण आता मागं वळून बघत नव्हत्या.

खरी अडचण घरात होती. "आपन पाणी गाळून पेतो," आई म्हणाली, "त्यातल्या जिवाले इजा नको म्हणून. अन् तू त्याच पाण्यात लोळून राह्यला." शेवटी तोडगा तिनंच काढला. मी पोहत असेपर्यंत ती तलावाच्या काठावर सामायिक करणार, म्हणजे माझ्या पापाचं निदान थोडं तरी भागेल. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून फक्त नवकार मंत्राचा जप. ना बोलणं, ना उठणं, ना दुसरा विचार. वेळ मोजायला तिच्याकडं लाकडी चौकटीतली वाळूची घडी आहे. वरची वाळू खाली आली की अठ्ठेचाळीस मिनिटं झाली.

स्पर्धेत पोहण्याला पन्नास मिनिटांची मुदत होती. आईची वाळू अठ्ठेचाळीसची. देवानंच जुळवून आणलंय, असं मी दुकानात चार जणांना सांगितलं. माझ्याकडं मनगटी घड्याळ होतं, पण ते पाण्यात चालणारं नव्हतं, आणि आईच्या वाळूवर संशय घेणं घरात चालणारं नव्हतं. अमरसिंगनं तलावाची रुंदी दोरीनं मोजली. वीस फेऱ्यांचा दीड किलोमीटर होत होता. मधे मधे दम लागला की मी काठाजवळच्या बाभळीची फांदी धरून थांबायचो. तरी डिसेंबरमध्ये विसावी फेरी संपवून बाहेर आलो, तेव्हा घडीत बोटभर वाळू शिल्लक होती. मी नाचायचाच बाकी होतो. घरी येताना आईच्या चालण्यात फरक होता. या वेळी पोरगा पूर्ण करेल, असं तिला वाटत होतं. मला तिच्याकडून एवढंच हवं होतं.

स्पर्धेच्या सकाळी मी अंगाला चिकटणारा तो एकसंध पोशाख घातला. आईनं बघितलं आणि म्हणाली, "यावर काहीतरी घाल, बाप्पा." कमरेला आयोजकांनी तरंगणारी नारिंगी पिशवी बांधली. अमरसिंग खूश झाला. "आपलाच पिपा हाये, शेटजी. रंग देला फक्त."

सात वाजता शिट्टी झाली. पाणी इतकं गार होतं की पहिले शंभर मीटर मी नवकार सोडून भलतंच बोलत होतो. मार्गाच्या कडेनं दोरी होती. दम लागल्यावर ती धरायला परवानगी होती आणि मी त्या परवानगीचा पुरेपूर मान राखला. तरी मन निश्चिंत होतं. आईची वाळू होती ना.

बाहेर आलो तर एक तरुण गडी घड्याळ धरून उभा. "अठ्ठावन्न मिनिटं, काका. मुदत पन्नासची होती." त्यानं वाकून माझ्या घोट्याला बांधलेली, वेळ मोजायची चिप काढून घेतली. स्पर्धेतून मी बाद होतो. हौसेनं पुढं जायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर जा, दुपारी एकपर्यंत रस्ता मोकळा आहे, असं तो म्हणाला.

मी तडक आईकडं गेलो. ती काठावर आसन टाकून बसली होती. घडी तिच्या मांडीवर आडवी पडली होती आणि वाळू मधेच थांबली होती.

"आई, हे आडवी काहून?"

"तू दोरी धरून थांबला का माह्यं मन तुह्याकडं धावते," ती म्हणाली. "मन नवकारात नाही, त ते सामायिक कायचं? तेवढी वाळू मी धरत नाही."

"अन् तलावावर?"

"तिथंबी तसंच. तू फांदी धरे, का मी घडी आडवी करो."

म्हणजे चार महिने मी ज्या वेळेवर उड्या मारत होतो, तिच्यात माझ्या दमाची आणि तिच्या काळजीची मिनिटं धरलेलीच नव्हती. मला चिडायला हवं होतं, पण चिडता आलं नाही. ही बाई स्वतःच्या नवकाराला एका मिनिटाची सूट देत नव्हती.

नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं पाणीही न घेण्याची वेळ, संपली होती, म्हणून तिनं उकळलेल्या पाण्याच्या बाटलीचं टोपण उघडलं होतं. "झालं ना बरोबर?" तिनं विचारलं.

"एकदम बरोबर," मी म्हटलं. "आता सायकल."

का म्हटलं, मला माहीत नाही. जित्याची खोड. आईनं एकदा माझ्या घोट्याकडं पाहिलं आणि बाटलीचं टोपण परत लावलं. ते मी पाहिलं, पण सायकलकडं पळालो.

चाळीस किलोमीटरबद्दल सांगण्यासारखं एवढंच की खिशात ठेवलेल्या खाखऱ्याचा भुगा झाला आणि एक दूधवाला मला दोनदा ओलांडून गेला, एकदा जाताना, एकदा येताना. पळायला लागलो तेव्हा सव्वादहा झाले होते आणि रस्त्यावर मी एकटाच उरलो होतो. पाण्याच्या टेबलावरच्या मुलीनं कौतुकानं ताकदीच्या चाटणाची पुडी दिली. मी चष्मा लावून वाचलं. मध. आम्हाला वर्ज्य. परत दिली. मग उकडलेले बटाटे पुढं केले. कंदमूळ, तेही परत. ती म्हणाली, "काका, मग तुमी खाता काय?" शेंगदाणे, असं अगदी ओठांवर आलं होतं.

सहा किलोमीटरच्या पाटीखाली मी बसलो. सहा हा आकडाच मला लाभत नाही. पायात गोळे आले होते. समोरून एक रिकामी रिक्षा आली, थांबली, रिक्षावाल्यानं भुवया उडवल्या. मी एक पाय आत ठेवलाही होता. तेवढ्यात अमरसिंग कुणाची तरी मोटारसायकल मागून आला.

"शेटजी, मोठ्या बाईनं सकायपासून पाण्याचा थेंब नाही घेतला," तो म्हणाला. "इचारलं त काहीच सांगत नाही. हात जोडते अन् गप बसते."

मी पाय बाहेर काढला. हा अभिग्रह होता. मनातल्या मनात एक अट धरायची, ती पुरी होईपर्यंत अन्नपाणी नाही, आणि अट कुणाला सांगायची नाही. सत्तरी ओलांडलेली आई, डोक्यावर ऊन, आणि अट काय असणार ते उघडच होतं: पोरानं या वेळी अर्ध्यात सोडू नये. मी रिक्षावाल्याला हात जोडले. अमरसिंग मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून माझ्याशेजारून चालवत राहिला. शेवटचे चार किलोमीटर मी पळालो असं म्हणणं म्हणजे पळण्याचा अपमान आहे, पण मी थांबलो नाही. वाटेत भीती एकच होती, की मला उशीर होईल आणि तिला काही होईल.

पोहोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान जमिनीवर चपटी होऊन पडली होती आणि खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. आई लिंबाच्या सावलीत बसली होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर पडलो. काही ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं.

"आई, पोहायले अठ्ठावन्न मिनिटं लागले. त्यायनं तवाच चिप काढली, मी बाद झालो. दोरी नऊ वेळा धरली. सकायी मी तुले खोटं सांगतलं. अन् आत्ता रिक्षात एक पाय ठेवला होता."

आईनं डोळे मिटून नवकार म्हटला, टोपण उघडलं आणि घोट घोट करत अर्धी बाटली प्याली. मग पदरानं ओठ पुसले.

"झाला पुरा?" मी विचारलं. "मी दहाही किलोमीटर पळालो, म्हणून?"

"पळाचं मी कुठं धरलं होतं?" आई म्हणाली. "चिप काढताना मले दिसलं होतं. पारस आपल्या तोंडानं खरं सांगन तवा पाणी, एवढंच धरलं होतं. त्या साली शेंगदाण्याचं मले काही वाटलं नाही. भूक कोणालेबी लागते. तू सांजपर्यंत पाय दाबून घेतले, त्याचं वाटलं."

मला लाज वाटत होती, आणि सहा वर्षांनी जरा हलकंही.

"म्हणजे मी रिक्षानं आलो असतो तरी चाललं असतं?"

"चाललं असतं," ती म्हणाली. "लवकर पाणी भेटलं असतं मले."

अमरसिंग मोटारसायकलला टेकून बोटांवर काहीतरी मोजत होता. "सातले सुरू, अन् आता वाजले साडेबारा," तो म्हणाला, आणि एकदम थांबून माझ्याकडं पाहू लागला. हिशोब मलाही कळला होता. आईलाही.

तिनं घडी पिशवीत ठेवली, माझ्या खांद्याला धरून उठली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या नावानं मला हाक मारली.

"चाल, साडेपाच," ती म्हणाली. "भूक लागली असन तुले."