चिखल वाळू द्यायचा

वीसेक वर्षांपूर्वी, इंग्लंडमध्ये मेडनहेडजवळच्या तबेल्यात एक बाई दर शनिवारी दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. खांद्यावर कायम एक जुना टॉवेल, आणि बोलणं माणसांपेक्षा घोड्यांशी जास्त.

त्या हिवाळ्यात माझ्या मुलीचा लाडका पोनी लंगडू लागला. खुरांच्या वर खपल्या धरल्या होत्या. मी हॉस्पिटलात त्वचेचा डॉक्टर. लांबूनच म्हटलं, "फंगस आहे. क्रीम देतो."

बाई खाली बसली आणि तिने डोळे मिटून खपल्यांवरून बोटं फिरवली. "मड फीवर. ओल्या चिखलाने कातडी सडते," ती म्हणाली. "याचे पाय कोण धुतं?"

"मी, रोज," मुलगी अभिमानाने म्हणाली. "आमच्याकडे बाहेरून आलं की पाय धुतात."

"आणि पुसतात?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"चिखल वाळू द्यायचा, मग ब्रशने झाडायचा. ओल्या कातडीवर तुमचं क्रीम काय करणार?"

तिने खपल्या भिजवून अलगद काढल्या, पाय टॉवेलने टिपून कोरडेठाक केले आणि मगच औषध लावलं. पोनी पंधरा दिवसांत धावायला लागला.

पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, हे मी पेशंटना दिवसातून दहादा सांगायचो. तिने औषध लावलं त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पाय धुतले आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट पुसले.