न दिसणाऱ्या नाण्यांचा कौल

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी खनिज वाहणारा टिप्पर विकला आणि शहाणा झालो. निदान मला तसं वाटलं. आलेल्या पैशांतले अर्धे घराच्या छपरात गेले आणि उरलेल्या अर्ध्यांची मी फोनवरून आभासी नाणी घेतली. मुळगावात इतका पुढारलेला माणूस मी एकटाच, हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

"मोठ्या ऑनलाइन पेमेंट कंपन्या एकदा का ही नाणी घ्यायला लागल्या, की बघा!" हे माझं पालुपद. सकाळी सायकलवरून पोई, म्हणजे आमचा गोल पाव, विकायला येणाऱ्या पदेरालाही मी ते ऐकवलं. त्याच्या टोपलीला क्यूआर कोडची पाटी लटकत होती. तो म्हणाला, "तेवा घेयन, बाबा. आजच्या पोयांचा काय?" मी सुट्टे काढून दिले.

घरात मात्र हे पालुपद चालेना. माझ्या बायकोला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. चांगली यंत्रं बसवायची तर ती नाणी मोडण्यावाचून मार्ग नव्हता. "विका ती," ती म्हणायची. "थांब, कंपन्या घेतील, भाव वाढेल," मी ओरडायचो. ती थांबायची. नातीचा फोन आला की हसून नुसती मान हलवायची आणि फोन माझ्याकडे द्यायची. ते बघून मला लाज वाटायची, पण भाव बघायचं काही मी सोडलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "देवाक विचारूया."

आमच्याकडे अडलं की देवाला प्रसाद लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालून देवापुढे प्रश्न मांडायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्नही घरून ठरवून निघालो होतो: नाणी विकावी का?

पण मी पडलो हुशार. देवळात तिला खांबाशी उभी करून मी पुढे गेलो आणि भटजींच्या कानात माझा वेगळाच प्रश्न सांगितला: पेमेंट कंपन्या माझी नाणी घेतील का?

"सोन्याची की चांदीची?" भटजींनी विचारलं.

"कसलीच नाहीत. आहेत, पण दिसत नाहीत."

जन्मभर देवाची सेवा केलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. त्यांनी पुटपुटत गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पाकळी टपकन पडली.

मी हर्षाने मागे वळलो. बायको हात जोडून, कमी ऐकणाऱ्यांच्या खणखणीत आवाजात, साऱ्या मंडपाला सांगत होती, "देवान उजवो दिल्यान! विकूक सांगल्यान!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भर देवळात, चार लोकांसमोर, मी देवाला भलतंच विचारलं होतं हे कुठल्या तोंडाने सांगू? गुमान नाणी विकली, तीही पडत्या भावात. तिच्या कानांत यंत्रं बसली. नातीशी ती इतका वेळ बोलत बसली की भात करपला, आणि तो मी तक्रार न करता खाल्ला.

थोड्याच दिवसांनी रात्री जेवताना टीव्हीवर बातमी लागली. एका बड्या पेमेंट कंपनीने आभासी नाणी स्वीकारायला सुरुवात केली होती. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी, आपल्याकडे नाही. देव खोटा ठरला नव्हता. 'आमच्या गावात' हे शब्द घालायला मीच विसरलो होतो.

"काय सांगता तो टीव्हीवालो?" बायकोने विचारलं.

"काही नाही!" मी सवयीने ओरडलो.

"बोंब मारू नकात, माका ऐकाक येता." तिने माझ्या ताटात आमटी वाढली. "म्हणजे तुमच्या प्रश्नाकय देवान उजवोच दिलेलो."

माझा घास तोंडाशीच थांबला. "कुठला माझा प्रश्न?"

"भटजींच्या कानात सांगितलात तो. तेवा माका ऐकाक येय नव्हता. पण तुमचे ओठ दिसत होते."