गोळीआधीचा ताप

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येत आहे, की एका वर्षी वळवापासून आषाढापर्यंत सलग अकरा आठवडे म्हैसूर शहरात एकाही माणसाला फ्लू झाला नाही. लोक खोकत होते, शिंकत होते, नाकाला रुमाल लावून बाजारात केळी निवडत होते. पण फ्लू नाही. ही बातमी सरकारी कागदावर आहे आणि खाली सही माझी आहे. त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नाही. कागद मात्र साफ खोटा आहे.

मी तेव्हा देवराज मोहल्ल्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. स्वाइन फ्लूची घबराट होऊन काही वर्षं लोटली होती आणि राज्यात ठिकठिकाणी फ्लूवर कायमचा पहारा बसवायचं ठरलं होतं. म्हैसूरचा पहारा आमच्या वाट्याला आला, कारण आमच्याकडे मोडक्या खाटांनी भरलेली एक खोली होती आणि त्या खाटा दुसरीकडे हलवता येण्यासारख्या होत्या. खाटा गेल्या. त्यांच्या जागी एक उभा फ्रीझर आला, थर्माकोलचे डबे आले, फॉर्मचे गठ्ठे आले आणि मी आले.

काम सोपं होतं. सर्दी-खोकल्याचे जे रोगी नियमात बसतील, त्यांच्या नाकातून आणि घशातून कापसाची काडी फिरवायची, ती गुलाबी पाण्याच्या नळीत बुडवायची आणि नळी बर्फात घालून बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिथून कळणार, फ्लू आहे की नाही आणि असला तर कुठला. असं चार-पाच वर्षं केलं की आपल्या भागात फ्लू कधी येतो ते समजतं, आणि मग लस त्याच्या आधी देता येते. दिल्लीचा फ्लू थंडीत येतो म्हणून आम्हीही थंडीची वाट बघत बसायचं, हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं. आमच्याकडे आषाढाचा वारा सुटला की अख्खी गल्ली खोकते. मला ते कागदावर आणायचं होतं.

नियमात तीन अटी होत्या. खोकला हवा. आजार दहा दिवसांच्या आतला हवा. आणि दवाखान्यात मोजलेला ताप शंभर पॉइंट चार किंवा त्याच्या वर हवा.

पहिल्या दोन अटी म्हैसूरनं मनापासून पाळल्या. तिसरीत सगळं शहर नापास झालं. खिडकीची काच हादरेल असा खोकणारा माणूस समोर बसायचा, मी मोठ्या आशेनं थर्मामीटर लावायची, आणि निघायचा अठ्ठ्याण्णव. मी तीन थर्मामीटर बदलले. स्वतःलाही लावून पाहिला. नियमात न बसणाऱ्यांची नळी घेतली जात नव्हती, त्यामुळे दर आठवड्याला मी एका सुंदर अक्षरातलं शून्य बंगळूरला पाठवत होते.

अकराव्या शून्यानंतर पत्र आलं. म्हैसूर परिसरात फ्लूचा प्रादुर्भाव आढळत नसल्यामुळे पुढच्या महिनाअखेर पहारा बंद करण्यात येईल आणि फ्रीझर दुसऱ्या जिल्ह्याला देण्यात येईल.

आमचे डॉक्टर निवृत्तीला आलेले, भला माणूस. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाले, "पेन तुमच्या हातात आहे. अठ्ठ्याण्णवच्या जागी एकशे एक लिहायला कितीशी शाई लागते?"

"सर, मग तो थर्मामीटर कशाला ठेवलाय?"

"शोभेला," ते म्हणाले. "फ्रीझर हवाय ना तुम्हाला?"

हवा होता. पण खोट्या तापाच्या जोरावर नको होता. खोकणाऱ्या शहराला एक खरा ताप दाखवता येत नाही, याचा मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी आणला.

आणि मग एका आषाढी शुक्रवारी आत्या आली.

माझी ही आत्या, वडिलांची थोरली बहीण, मंडी मोहल्ल्यात राहायची. वय सत्तरीच्या पुढे. चामुंडीच्या डोंगरावर दर्शन घेऊन तशीच दवाखान्यात उतरली होती. अंगावर रेशमी साडी, केसांत मोगरा, कपाळावर डोंगरावरचं कुंकू, आणि छातीतून करवतीसारखा खोकला. मी थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव.

"ताप नाही तुला," मी म्हणाले. आवाजात थोडी तक्रार आली असावी.

"आता कुठून असेल? पहाटे होता. एकशे दोन."

"कशानं मोजलास?"

तिनं उजव्या हाताची पाठ माझ्या नाकासमोर धरली. "हे काय आहे मग?"

आमचं घराणं कापड रंगवणारं, छापणारं. माझ्या पिढीत कुणी केलं नाही, पण आत्या लहानपणी रंगाच्या कढईशी उभी राहिलेली होती. पाणी किती तापलं ते हाताच्या पाठीनं बघायचं, कमी तापलं तर रंग चढत नाही, जास्त तापलं तर डाग पडतात. कढई गेली, हात राहिला. घरात कुणी आजारी पडलं की थर्मामीटर कुणी शोधत नसे. आत्याला बोलावत.

"मग एकशे दोन गेला कुठे?"

"गोळी घेतली. वर मिरं-जिऱ्याचं कषाय प्यायले, कडकडीत पाण्यानं आंघोळ केली. गेला. जायलाच पाहिजे की."

"दवाखान्यात यायच्या आधीच?"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला परकर न नेसता बाजारात जायला सांगितलं होतं. "ज्वर अंगावर घेऊन डॉक्टरसमोर बसायचं? बरं दिसतं का ग ते? लोक म्हणतील हिच्या घरात एक गोळी नाही."

"आत्या, दवाखाना तापासाठीच असतो."

"दवाखाना खोकल्यासाठी. ताप आपला आपण काढायचा. सुम्मने, उगाच काहीतरी बोलू नको. नाकात काय घालतेस ते घाल लवकर, मला घरी भात टाकायचाय."

मी खुर्चीवर मागे टेकले. अकरा आठवडे ज्याला शोधत होते तो ताप सापडला होता. तो मंडी मोहल्ल्यात पहाटे पाचला हजर असायचा आणि सातच्या आत त्याला घराबाहेर काढलं जायचं. माझ्यासमोर अकराला जो यायचा तो न्हालेला, पावडर लावलेला, सभ्य खोकला. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारू लागले. शिक्षक, शिंपी, बँकेतले कारकून, सगळ्यांचं उत्तर एकच. गोळी घेऊन निघालो.

मग मी पट्टी घेतली, तांबडं पेन घेतलं, आणि सरकारी फॉर्मच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक नवा रकाना आखला. डोक्यावर लिहिलं, 'घरचा ताप, गोळीच्या आधी'. डॉक्टरांनी रकाना पाहिला, छताकडे पाहिलं आणि सही केली. जाता जाता म्हणाले, "शाई तेवढीच लागली की हो."

आत्यानंही कंबर कसली. मी दिलेले चार थर्मामीटर तिनं गल्लीतल्या चार घरांत वाटले आणि सकाळी गोळीच्या आधी काय निघतं ते वहीत लिहू लागली. स्वतःचा हात आधी लावायची, मग थर्मामीटर. दोन्ही आकडे लिहायची. फरक पडला तर थर्मामीटरच्या आकड्यापुढे बारीक फुली मारायची.

ज्यांना घरी ताप होता त्यांच्या नळ्या मी घेऊ लागले. आत्यानं गुलाबी पाणी उजेडात धरून पाहिलं आणि सांगितलं, हा रंग पक्का नाही, पहिल्या धुण्यात जाईल. पहिला डबा मी बंगळूरला पाठवला, त्यांनी तो जसाच्या तसा परत केला. ताप दवाखान्यात मोजलेला नाही, सबब नमुने तपासता येत नाहीत. मी नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि आणखी घेत राहिले. महिना संपत आला तेव्हा बत्तीस झाल्या होत्या. फ्रीझर गेला असता तर त्या नळ्या पाण्यात, आणि म्हैसूरला फ्लू होत नाही हे कायमचं सिद्ध.

तो फ्रीझर आजही त्याच खोलीत आहे, हे आधीच सांगून टाकते. आयुधपूजेला त्याला झेंडूची माळ घालते, समोर कोहळा फोडते. त्या बत्तीस नळ्याही पुढे तपासल्या गेल्या आणि निम्म्याहून जास्त फ्लूच्या निघाल्या. आता फक्त हे कसं घडलं तेवढं सांगायचं राहिलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बंगळूरहून अधिकारी आले. चाळिशीचे, नम्र, गळ्याला मफलर गुंडाळलेला. मागे टेम्पो, टेम्पोत दोर घेतलेले दोन हमाल. आत्या वही द्यायला आली होती, ती बाकावर बसून राहिली. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं, इथे मराठीत देते.

"मेडम, फॉर्म सरकारचा आहे. त्यावर रेघ कुणाला विचारून मारलीत?"

"सरळ मारलीय, सार. पट्टीनं."

"प्रश्न सरळ-वाकड्याचा नाही. नियमात मोजलेला ताप लिहिलाय. होता, होता असं सांगितलेला ताप हा ताप नसतो."

"मग काय असतो?"

"आठवण," ते म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. चांगली लांब आली. मी मनात मोजत होते. उबळ थांबल्यावर त्यांनी हमालांना हातानं खूण केली. एकजण फ्रीझरच्या प्लगकडे वाकला.

मी प्लगसमोर जाऊन उभी राहिले. "प्लग काढायचा तर काढा. पण आत बत्तीस माणसं आहेत. त्यांना तपासून मग काय ते म्हणा. ती तुमच्या नियमात बसत नाहीत म्हणून ती आजारी नव्हती असं होत नाही."

"मेडम, बाजूला व्हा."

"नाही होणार, सार."

हमाल माझ्याकडे पाहत होता, साहेबांकडे पाहत होता. साहेबांना पुन्हा उबळ आली. आत्या उठली. माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घे अप्पा, पी." त्यांनी पेला घेतला, दोन्ही हात अडकले, आणि तेवढ्यात आत्यानं हाताची पाठ त्यांच्या मानेवर, मफलरच्या आत टेकवली. ते जागच्या जागी थिजले.

"आता नाही," आत्या म्हणाली. "पण कॉलर पिळून निघेल. बाहेर एवढा गार वारा आणि हा घामानं चिंब. गोळी घेऊन तीन तास झाले असतील. एकशे एकच्या वर होता, हौदा? हो ना?"

साहेबांनी पाणी गिळलं.

मी टेबलावरून एक कोरा फॉर्म घेतला, थर्मामीटर घेतला. "बसा, सार. खोकला किती दिवस?"

का कोण जाणे, ते बसले. "तीन."

थर्मामीटर लावला. मिनिटभरानं काढला. मी आकडा त्यांना दाखवला, मग हमालांनाही दाखवला. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. "नियमाप्रमाणे तुम्हाला काहीही झालेलं नाही, सार. अभिनंदन. आता शेवटचा रकाना. तो सरकारचा नाही, माझा आहे, त्यामुळे उत्तर द्यायची सक्ती नाही."

तांबडं पेन रकान्यावर टेकवून मी थांबले. डॉक्टर दारात येऊन उभे होते. हमालानं प्लगवरचा हात काढून पाठीमागे घेतला. साहेबांनी फ्रीझरकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, ओली कॉलर बोटानं सैल केली, आणि सगळ्यांच्या देखत एकदम बोलून गेले:

"ताप घेऊन कसा येणार मेडम, बायकोनं गोळी गिळल्याशिवाय मला घराबाहेर सोडलंच नाही."