हजर न राहिल्याची नोंद

माझ्या धाकट्या भावाच्या तोंडाला कुलूप नाही, हे मी सख्खी बहीण म्हणून सांगते. शिलाई मशिनी दुरुस्त करतो. मशीन उघडलं की सुईशी, पट्ट्याशी, शिवणाऱ्या बाईशी एकदमच गप्पा. इथली भाषा त्याला कामापुरती येते, बाकी मराठीत दामटतो, आणि लोकांना बरोबर कळतं!

या देशात येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. माझे कागद झाले, त्याचे अडकले. राहू द्यायचं की परत पाठवायचं, अशी केस चालू आहे. तोवर दर सहा महिन्यांनी परदेशी लोकांच्या कचेरीत हजेरी. पठ्ठ्या एकदा चुकला नाही. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, तेव्हासुद्धा सही ठोकून दवाखान्यात धावला.

आणि गेल्या महिन्यात हजेरी द्यायला गेला, तर तिथंच धरला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी वकीलबाईंसमोर थयथयाट केला. "अहो, पण त्यानं केलं काय?"

"ताई, केस चालेल तशी चालेल," त्या म्हणाल्या. "आता प्रश्न एवढाच, की तोवर ते घरी राहणार की कोठडीत. न्यायाधीश दोन गोष्टी बघतात. यांच्यापासून कुणाला धोका आहे का, आणि सोडलं तर पळून जातील का. तसं काही नाही, हे सिद्ध करायचं यांनीच."

"न पळाल्याचा पुरावा कुठून आणू? पायाला मेंदी लावून दाखवू?"

"मालकाचं पत्र आणा. घराचा करार, मुलीच्या शाळेचा दाखला."

सगळं आणलं. बावीस हजेऱ्यांचे शिक्केही आणले. आज संध्याकाळी भाऊ घरी, असं मी भावजयीला छातीठोक सांगून निघाले.

सुनावणीच्या खोलीत तो माझ्या पुढच्याच बाकावर होता, अंगात कोठडीचा ढगळ सदरा. सरकारी वकिलानं एकच कागद काढला. दुभाषी काकांनी तो मराठीत सांगितला: "मागच्या हजेरीनंतर 'येतो' असं सांगून बाहेर पडला. दिवसभर परत आला नाही."

मला काही उमगेना. भाऊ मात्र पांढराफटक पडला. मागे वळून म्हणाला, "ताई, अगं, निघताना म्हणालो गं मी. येतो हं साहेब, असं. टेबलावर ते भाषांतराचं यंत्र चालूच होतं, ऐकेल ते शब्दशः लिहून ठेवणारं."

जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं, हे लहानपणी मीच त्याला कान धरून शिकवलं होतं. ध चा मा करायलासुद्धा कुणीतरी हलकट लागतो हो. इथं कुणी काही केलंच नव्हतं, आणि माझा भाऊ महिनाभर कोठडीत होता.

वकीलबाईंनी समजावून सांगितलं. काकांनीही सांगितलं, आमच्यात निरोप असाच घेतात. न्यायाधीश माणूस बरा वाटला. मान हलवली, शिक्के एकेक करून पाहिले. मग थेट भावाला विचारलं, आणि काकांनी मराठीत सांगितलं: "सोडलं, तर पुढच्या तारखेला येणार का?"

सुटला, म्हटलं! आता हा सांगत सुटेल, आवरावा लागेल.

त्यानं तोंड उघडलं. काकांकडे बघितलं. मग टाइप करणाऱ्या बाईंकडे बघितलं. त्यांची बोटं तयारच होती. त्याचे ओठ नुसतेच हलले.

"अरे, बोल ना मेल्या!" मी ओरडले. शिपाई माझ्या अंगावर धावून आला.

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. भावाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. कुठला शब्द वापरला म्हणजे वाचू, हेच तो शोधत होता. मला कळत होतं. त्या खोलीत ते आणखी कुणाला कळणार?

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

बाईंची बोटं हलली. "उत्तर दिलं नाही," एवढंच लिहिलं, आणि न्यायाधीशांनी सुटकेचा अर्ज फेटाळला.