फॉर्म लॉक व्हायच्या आधी

"ताई, मी फॅमिली मेडिसिन घेऊन राहिलो," भाऊ फोनवर म्हणाला, तेव्हाच वाटलं, हा काहीतरी लपवतोय. आमच्या घरातला तो पहिला डॉक्टर. मी आठवीत शाळा सोडली, लग्न होऊन सुरतेला आले, साड्यांवर खडे चिकटवते. पण एमबीबीएसनंतर लोक हार्टचे होतात, हाडांचे होतात, एवढं मलाही कळतं. आणखी तीन वर्षं शिकून सर्दी-तापाचा डॉक्टर कोण होतं?

त्याच्या मित्राला गुपचूप विचारलं. तो म्हणाला, "परीक्षेत नंबर चांगला आहे त्याचा, कुठलाही विषय मिळेल." मग तर संशय वाढलाच. कोणी डोकं फिरवलं? की पोरगी आहे कोणी?

अकोल्याला उतरले आणि बार्शीटाकळीला आईकडेही न जाता सरळ अमरावतीची एसटी धरली. त्याच्या खोलीवर पोचले तेव्हा लॅपटॉपवर विषयांच्या पसंतीची यादी उघडीच होती. पाच वाजता फॉर्म लॉक होणार होता.

"कोणाच्या नादी लागला तू?"

"कोणाच्याच नाई. फोनवर बोलता बोलता थांबत होती तू, चक्कर येते न? गोळ्या दाखव."

मी पिशवी दिली. त्याने दोन पाकिटं वेगळी काढली.

"हे कोणाची?"

"डोकं दुखते त्याच्या डॉक्टरची. अन् ते बीपीवाल्याची."

"दोन्ही एकच गोळी हाये, ताई. नाव तेवढं वेगळं. डोक्यालेही चालते, बीपीलेही; दोन्ही घेतल्या की डबल होते, म्हून चक्कर. त्यांले एकमेकांचं सांगितलं नाई काहून?"

"राग येते न त्यांले. आपल्याकडे सांगते का कोणी?"

खरंच नाही सांगत. आई अकोल्याच्या डॉक्टरचा कागद ब्लाउजमध्ये लपवून दुसऱ्याकडे जायची.

त्याने माझ्याच फोनवरून सुरतेच्या बीपीवाल्यांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. ते रागावलेच, "आधी बोलायला काय झालं होतं?" मग म्हणाले, एकच घ्या, दुसरी बंद. भाऊ समोर बसून मान हलवत होता.

दोन महिने मी ती चक्कर कामावर भिंत धरून काढली होती. घरी कोणाला बोलले नव्हते. याने मात्र फोनवरच ओळखलं होतं.

फोन ठेवला. साडेचार झाले होते.

"फॅमिली मेडिसिन घेऊन दिवसभर हेच करशीन का तू? लोकायच्या पिशव्या पाहात बसशीन?"

"हो."

पोरीची शंका अजून पुरती गेली नव्हती. तरी म्हटलं, "दाब मग ते लॉकचं बटण."