पाणी बघून ठरवू

ताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वाघोलीच्या चौकात रिक्षात अडकून तिच्यावरच चिडत बसले होते. आम्हा दोघींचे युरोपचे व्हिसा होऊन पासपोर्ट परत आले होते. ते घ्यायला कसब्यातल्या प्रवास कंपनीच्या ऑफिसात भेटायचं ठरलं होतं, ती येरवड्याहून येणार, मी वाघोलीहून. आणि बाईसाहेब फोन उचलत नव्हत्या. मी मनात वाक्य जुळवत होते, की ताई, आता जर माघार घेतलीस तर या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही... तेवढ्यात तिच्या शेजारच्या गायकवाड वहिनींचा फोन आला. ताई सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसली होती, ती उठलीच नाही. वहिनी आणखी काय म्हणाल्या ते आठवत नाही. रिक्षावाल्याला मात्र मी सांगितलं, "कसबा नको, येरवड्याला घ्या."

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळे चांगलंच बोलले, आणि त्यात काही खोटं नव्हतं. खडकीच्या कारखान्यातल्या कामगाराची मुलगी इंजिनिअर झाली, पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यापर्यंत पोचली, वस्तीतल्या कितीतरी मुलींना तिनं शिकायला लावलं. सगळं खरं. पण इतके आठवडे झाले तरी मला तिचा राग येतोच आहे, आणि तो लिहून काढल्याशिवाय उतरेल असं वाटत नाही.

ती निवृत्त झाली त्या आठवड्यात मी तिच्यापुढे एक रंगीत पुस्तिका ठेवली होती. डॅन्यूब नदीतून बोटीनं आठवडाभराचा प्रवास, व्हिएन्नापासून बुडापेस्टच्या पुढपर्यंत. बोटीतच राहायचं, बोटीतच जेवायचं, सकाळी पडदा सरकवला की खिडकीत नवं गाव. माझे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, मुलगा परदेशात, आणि ताईनं लग्न केलेलं नव्हतं. जगात मला हक्कानं 'चल' म्हणता येईल असं ते एकच माणूस होतं. तिनं चष्मा पुसला, पुस्तिका डोळ्यांजवळ नेली आणि पहिला प्रश्न विचारला, "ही बोट पाण्यात किती बुडते?"

"बुडत नाही ताई, तरंगते."

"तळ पाण्याखाली किती जातो, ते विचारतेय. नदी उथळ झाली तर अडकेल ना." आणि मग ते वाक्य, जे मी पुढे इतक्यांदा ऐकलं की झोपेतही बडबडत असेन : "पाणी बघून ठरवू."

पाणी बघण्याचा तो उद्योग वर्षानुवर्षं चालला. मी म्हणायची मे महिना. ती म्हणायची, मेमध्ये तिकडे वरचं बर्फ वितळतं, नदी चढते, बोटी पुलांखालून जात नाहीत. बरं, मग ऑगस्ट-सप्टेंबर? तेव्हा पाणी उतरलेलं असतं, बोट एका जागी उभी करतात आणि प्रवाशांना बसमध्ये कोंबून फिरवतात. मग जून-जुलै? त्यावर ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिला भर परीक्षेत सिनेमाला चल म्हणाले होते. कारण पावसाळ्यात ताई पुणं सोडत नसे. नोकरीभर तिला त्या चार महिन्यांत रजा मिळाली नव्हती. धरणात पाणी किती आलं, किती सोडायचं, खाली कोणाला कळवायचं, यातच तिचे पावसाळे गेले. निवृत्त झाल्यावरही धरणं भरून दसरा होईपर्यंत ती हलायची नाही. आणि दसऱ्यानंतर तिकडे थंडी.

एकदा मी फार वैतागले. "ताई, आता तुला कोण विचारतंय? तिथे नवी माणसं आहेत, त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहेत."

"कोणी विचारत नाही," ती शांतपणे म्हणाली, "पण मी इथे असलेलं बरं."

 मला माहीत होतं ते कुठून आलं होतं. आम्ही लहान असताना येरवड्याला नदीजवळच राहायचो. एका पावसाळ्यात पाणी घरात शिरलं, तेव्हा बाबा कामावर होते आणि आई आजारी. ताईनं मला खांद्यावर घेऊन वरच्या शाळेत नेलं, मग परत येऊन आईला धरून नेलं. पाणी येणार हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, असं ती मोठेपणी कधीतरी म्हणायची. त्यामुळे तिच्या हट्टाची मला किंमत होती. पण किंमत असली म्हणून वैताग कमी होत नाही. माझे गुडघे दुखायला लागले, तिला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि आमच्या गप्पांतली बोट आपली तिथल्या तिथेच उभी. इतर लोक जाऊन आले, त्यांचे फोटो आम्ही बघितले. ताई त्या फोटोंतही काठावरच्या पाण्याच्या खुणा बघायची.

या वर्षी संक्रांतीनंतर मी तिच्याकडे गेले आणि भांडलेच. म्हटलं, मी सप्टेंबरचं बुकिंग करतेय, एकटीचं. तुला यायचं तर ये, नाहीतर बस तुझ्या धरणांवर पहारा देत. तिनं कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान उघडून बघितलं. मग म्हणाली, "बरं. सप्टेंबर तर सप्टेंबर." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन कसबा गाठला, न जाणो विचार बदलला तर. तिथल्या प्राजक्ता नावाच्या मुलीनं आमची नावं लिहून घेतली. येताना आम्ही मिसळ खाल्ली. आयुष्यात पहिल्यांदा ताई माझ्यापुढे हरली, या आनंदात मी दोन पाव जास्त खाल्ले.

परवा दुपारी त्याच प्राजक्ताचा फोन आला. ताईचं तिला मी कळवलं होतं, पण माझं जायचं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. ती चाचरत म्हणाली, "मॅडम, अजून एक सांगायचं होतं. तिकडे नदीचं पाणी खूप कमी झालंय. बोट बहुतेक एकाच ठिकाणी थांबेल, बाकीचं बसनं करावं लागेल. चालेल का?"

माझा इतक्या दिवसांचा राग त्या बिचारीवर निघाला. "हे बुकिंगच्या वेळी सांगायला काय झालं होतं?"

तिनं आधी माझी माफी मागितली. मग म्हणाली, "अॅक्च्युअली मॅडम, मोठ्या मॅडमना माहीत होतं. तुम्ही खाली झेरॉक्स काढायला गेला होतात ना, तेव्हा त्याच मला म्हणाल्या, सप्टेंबरमध्ये तिथे पाणी नसतं, बसनंच जावं लागणार. फक्त धाकटीला पुढची सीट द्या, तिला गाडी लागते. आणि आत्ता तिला काही बोलू नका, किती दिवसांनी खूश झालीय."

 म्हणजे तिनं पाणी बघितलं होतं. बघून, सगळं समजून, धरणं भरायच्या आत पुणं सोडायला ती तयार झाली होती. मला रडू आलं, आणि ते निम्मं तरी रागाचं होतं. प्राजक्ताला म्हटलं, मी जाणार आहे, पुढची सीट ठेव. फोन ठेवला आणि रिकाम्या घरात मोठ्यानं ओरडले, "बसनंच जायचं होतं ताई, तर इतकी वर्षं कुठल्या पाण्याची वाट बघत होतीस गं?"